दारावरची बाई

॥ श्री ॥

महाल, नागपूर
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५८

ती. मार्तंडभाऊ यांस
सौ. सुभद्रेचा नमस्कार वि. वि.

इकडील सर्व क्षेम. तुम्ही मुंबईत असल्यामुळे थंडी म्हणजे काय ते विसरला असाल, म्हणून कळवते की इथे सकाळी ओठ फुटतात आणि यमुताई चुलीपासून हलत नाहीत. नणंद चुलीपाशी बसली की भावजयीला चुलीवर काम उरत नाही, तेव्हा माझी मजाच म्हणायची.

पत्राला उशीर झाला, त्याचं कारण तुमचंच चित्र. भाऊबीजेला तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हा मला आधी काही सुचलंच नाही. मला सख्खा भाऊ नाही. मामांनी दुसरेपणावर का होईना पण लग्न लावून दिलं आणि हात झटकले. त्यामुळे पाट कोणासाठी मांडायचा, हा प्रश्न मी मनातल्या मनात आधीच मिटवून टाकला होता. आपली बहीण वारल्यावर तिच्या जागी आलेल्या बाईकडून ओवाळून घ्यायला येणारा भाऊ मी तरी ऐकला नव्हता. त्यातून तुम्ही तबकात साडीचोळी न घालता रंगांची पेटी ठेवलीत. यमुताईंचं तोंड पाहिलंत ना? त्या अजून विचारतात, हे नेसायचं कसं?

आणि पेटीवर ते विलायती मासिकाचं पान. "ताई, हे पाहून पाहून काढा, हात बसेल," एवढं बोललात आणि गाडी गाठायला निघालात. खरं सांगू का? मला वाटलं, छापखान्यात कागद चुरगळला. खुर्चीत बसलेली बाई, पण नाक एका अंगाने पाहिलेलं, डोळा समोरचा, खांदे अडकित्त्यात धरून कातरलेले. तुम्ही त्याला क्यूबिस्ट का काहीसं म्हणालात. मी तिला खुर्चीवाली म्हणते. शिकाऊ माणसाला लोक पेरू देतात, तांब्या देतात. तुम्ही ही बाई दिलीत. सरळ रेघा आहेत, हात घाबरणार नाही, असं तुम्ही म्हणाला होतात, आणि ते मात्र पटलं.

मी कशी काढते ते ऐका, म्हणजे हसाल. मला चित्रकलेचं काही येत नाही, पण रांगोळी येते. म्हणून पानावर शिसपेन्सिलीने आधी ठिपके दिले, तसेच मोठ्या कागदावर लांब लांब दिले, आणि मग ठिपक्याला ठिपका जोडत गेले. कोपर आलं, खुर्चीचा हात आला, गुडघे आले. गुडघा कुठे संपतो आणि खुर्ची कुठे सुरू होते ते मला नाही कळलं, पण ठिपक्यांना कळलं. यमुताई म्हणाल्या, लक्ष्मीची पावलं कुठे काढणार यात?

मला वरची खोली दिली आहे. हे कचेरीत गेले की परत येईपर्यंत वेळ माझाच. वर कोणी येत नाही, कोणाचं काही अडत नाही. खिडकी गल्लीवर आहे, आडव्या फळ्यांची. फळ्या हलत नाहीत, पण फटींतून उजेड चांगला येतो, पट्ट्यापट्ट्यांनी. चित्र काढायला असा निवांतपणा मुंबईत भाड्याने मिळायचा नाही, असं हे म्हणतात.

माझ्या गळ्यात तुमच्या ताईच्या नावाचा चांदीचा टाक आहे, सवतीचा असतो तसा, त्याला रोज सकाळी हळदकुंकू लावते. ओवाळताना तुमची नजर माझ्या गळ्याकडे गेली आणि तुम्ही पाण्याचा पेला उचललात, ते मी पाहिलं होतं. चांदी स्वच्छ ठेवली आहे. सोनाराने डोळे बरे काढले आहेत, ओठ तेवढे हात लागून लागून झिजले. मला तुम्ही सुभद्राताई म्हणताना अडखळता, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. लग्नात नाव बदलताना यांनी तुमच्या ताईचंच ठेवलं. जिभेला नवं वळण नको, म्हणाले. मलाही हाक ऐकू यायला पहिल्या पहिल्यांदा वेळ लागायचा, आता लागत नाही.

आर्वीला तुमच्या आईंना माझा नमस्कार कळवावा.

तुमची
सौ. सुभद्रा

ता. क. यांनी पत्र वाचून दिलं. मी सवयीने दोन ठिकाणी "मले" लिहिलं होतं, ते खोडून "मला" केलं आहे, म्हणून तिथे शाई जास्त दिसेल.


॥ श्री ॥

महाल, नागपूर
फाल्गुन शुद्ध अष्टमी, शके १८५८

ती. मार्तंडभाऊ यांस
सुभद्रेचा नमस्कार वि. वि.

पाठवलेल्या चित्रावरचं तुमचं कार्ड पोचलं. "रेघा धीट आहेत" हे तीन शब्द मी इतके वाचले की कार्डाचा कोपरा दुमडला. कोणी चांगलं म्हटलं की माणूस किती वेडा होतो बघा. मामांकडे असताना माझ्या पोळ्यांना कोणी बऱ्या म्हटलेलं आठवत नाही.

कागद संपला. यांना सांगितलं, आणतो म्हणाले, विसरले. पुन्हा सांगितलं, पुन्हा विसरले. पुरुष माणसाच्या डोक्याला कचेरीचे व्याप, त्यात माझा कागद कुठे राहणार? म्हणून मी खोलीच्या दारावरच खुर्चीवाली काढायला घेतली आहे. आतल्या अंगाने, उभ्या माणसाएवढी. दार दोन फळ्यांचं, सागवानी, जुना तेलरंग लावलेलं. मी ते राखेने घासून काढलं आणि खडूने ठिपके दिले. यांनी पाहिलं, म्हणाले, असू दे, बाहेरून थोडंच दिसतं.

आता माझा शोध ऐका. मला खाली जायचा त्रास नको म्हणून यमुताई ताट वर घेऊन येतात. येताना एकच फळी उघडतात. परवा फळी उघडली आणि मी समोर बसले होते. खुर्चीवालीचं अर्धं तोंड माझ्यासमोर तसंच राहिलं आणि अर्धं फळीबरोबर वळलं. एक डोळा समोरून, दुसरा तिरका, नाक बाजूने! भाऊ, तुमच्या पानावर जे आहे ते हुबेहूब माझ्या दारात उभं राहिलं. मी अशी ओरडले की यमुताईंच्या हातातलं ताट कलतं झालं आणि वरण त्यांच्या पातळावर गेलं. त्यांना वाटलं विंचू निघाला. त्यानंतर त्या आत येताना दाराकडे पाहत नाहीत. त्या म्हणतात, बाई बघते.

पण माणसं अशी तुकड्यांत दिसतात ही गोष्ट मला काही नवीन वाटली नाही. खाली गल्लीत रंभाबाई संत्री विकायला बसतात. ओळखीच्या आहेत, आमच्या कळमेश्वराकडच्या. वरून मला एका फटीतून त्यांचा कान आणि कानातली बाळी दिसते, खालच्या फटीतून हात आणि संत्र्यांची टोपली, आणि त्या वर पाहतात तेव्हा तिसऱ्याच फटीत एक डोळा. मी मान खालीवर करून त्यांना जुळवते. कधी हनुवटी राहून जाते, कधी कान दोनदा येतो. खिडकीची खालची एक फळी निघालेली आहे, तिथून मी दोरीला टोपली बांधून सोडते आणि त्या त्यात संत्री घालतात. त्यांचं पूर्ण तोंड पाहून किती दिवस झाले ते आठवत नाही, पण मला ते काढता येईल.

म्हणून मला वाटतं, तुमचा तो विलायती चित्रकार बहुतेक कोंडलेला असणार. त्याने ती बाई फटीतूनच पाहिली असणार. नाहीतर धडधाकट माणूस, मोकळ्या खोलीत बसून, समोरच्या बाईला असं कशाला पाहील? त्याला कोणी कोंडलं होतं, आणि मग तो सुटला का, हे तुम्हाला तुमच्या मास्तरांना विचारता येईल का? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

हे वाचून हे हसले. म्हणाले, राहू दे, मार्तंडची करमणूक होईल.

यंदा मृगाची संत्री फार गोड आहेत. कोणी इकडून येणारं असतं तर पाठवली असती.

तुमची
सौ. सुभद्रा


(कार्ड)

नागपूर, आषाढ शुद्ध दशमी, शके १८५९

ती. मार्तंडभाऊ यांस नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. चित्रकार कोंडलेला नसतो, तो बसलेल्या माणसाच्या चहूबाजूंनी फिरतो आणि सगळीकडून पाहिलेलं एका जागी मांडतो, असं तुम्ही समजावून लिहिलंत. असेल. तुम्ही शिकलेले. फक्त, फिरायला जागा लागते.

पेटीतला निळा संपला. धुण्याची नीळ डिंकात कालवून लावते, वाळल्यावर फिकी पडते. हळदीत चुना घातला की लाल मिळतो. काळ्याला काजळ आहेच. गुडघे झाले. हातांपाशी अडले आहे, ते सवडीने लिहीन.

नागपंचमीला तुम्ही आर्वीस जाणार असाल तर मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून कोणाला इकडे पाठवता येईल का? स्वतः आलात तर उत्तमच. लग्न झाल्यापासून मी माहेर म्हणून कुठेच गेलेली नाही. आईंना पाहावंसं वाटतं. चार दिवस पुरेत.

सुभद्रा

सौ.ची प्रकृती सध्या प्रवासास योग्य नाही. तसदी घेऊ नये. लोभ असावा. — वामनराव


महाल, नागपूर
भाद्रपद पौर्णिमा, शके १८५९

मार्तंडभाऊ,

हे पत्र कोणी वाचून दिलं नाही, म्हणून हे माझ्याच बोलीत आहे. तुमाले हसू आलं तर हसा. संत्री सरली की रंभाबाई कणसं विकते. ह्या पत्राची घडी टोपलीतून तिच्याकडे जाईन आणि तिकीट तीच लावीन. मागच्या आठवड्यात तिनं खालून विचारलं, "काहून वं पोरी, वर्ष होऊन राहिलं, तू खाली काहून येत नाहीस?" मी टोपली वर ओढून घेतली. मग दिवसभर तेच डोक्यात राहिलं. तिनं विचारलं, आणि तुम्ही नाई विचारलं.

भाऊ, माझ्या खोलीले बाहेरून कडी आहे. हे कचेरीत जाताना लावतात. जेवणाच्या वेळी यमुताई उघडतात, ताट देतात, लावतात. संध्याकाळी हे येऊन उघडतात, मग मी खाली जातो, दिवा लावतो, वाढतो, आवरतो. कोणी पाहुणा आला तर मी खालीच असतो. तुम्ही आले होते तेव्हाही खालीच होती. कोणाले काय दिसणार?

मी गेल्या साली दारात उभी राहून रंभाबाईशी गावाकडच्या गोष्टी करत होती. हसली असन जोरानं. हे त्याच वेळी घरी आले. रागावले नाई. मले वर घेऊन गेले, खोली दाखवली, म्हणाले, इथे शांत वाटेल तुला. खाली गेल्यावर कडीचा आवाज आला. मले वाटलं चुकून लागली.

मारत नाही ते. मोठ्यानं बोलत नाही. शनिवारी पेढे आणतात, गजरा आणतात, चित्र पाहून छान म्हणतात. सांगू कोणाले आणि काय सांगू? नवरा गजरा आणतो म्हणून सांगू? तुमाले लिहायले बसली की ते खुर्ची घेऊन बाजूले बसत. म्हणून मी तो कोंडलेला चित्रकार लिहिला. मले वाटलं तुम्ही समजान. तुम्ही तर मले चित्रकला समजावून सांगितली. त्या दिवशी मी तुमचं पत्र घेऊन रडली आणि मग हसूही आलं, इतकं शहाणं पत्र.

आता जे लिहायचं टाळून राहिली होती ते लिहितो. कडी माझ्यासाठी बसवलेली नाही. जुनी आहे.

दार राखेनं घासलं तेव्हा मले दिसलं. उजव्या फळीवर, छातीच्या उंचीवर, आतल्या अंगानं तेलरंग पार गेलेला आहे. एका जागी. हातानं हातानं गेलेला. मी तिथं माझा पंजा ठेवून पाहिला. तिचा हात माझ्याहून मोठा होता. तुमाले ठाऊक असन.

मी यमुताईले तुमच्या ताईचं विचारलं. पहिले तर त्या ताट ठेवून निघाल्याच. मग दारात थांबल्या आणि दाराकडे न पाहता बोलल्या. तिले म्हणे आधी आधी राग यायचा, मग यायचा बंद झाला. शेवटच्या साली नागपंचमीच्या आधी तिनं तुमाले पत्र लिहिलं होतं, मले न्यायले ये म्हणून. हात मेंदीनं रंगवून, बोचकं बांधून वर बसून राहिली होती. तीन दिवस बोचकं सोडलं नाई. श्रावणातच ताप आला. ताप खोटा नव्हता, यमुताईची शपथ आहे. पण तापाच्या माणसाले कडी काहून लागते, हे मी विचारलं, तर त्या खाली निघून गेल्या. जाताना कडी लावायची विसरल्या नाई.

तुमची तेव्हा परीक्षा होती. हे मले तुम्हीच भाऊबीजेच्या दिवशी सांगितलं होतं, न विचारता. मी तेव्हा नुसती मान हलवली होती. आता कळते तुम्ही ते काहून सांगितलं. रंगाची पेटी काहून आणली तेही कळते. हे सगळं लिहू नये असं माझ्या मनात फार होतं, कारण तुमाले लागन. पण राग येते, भाऊ. ह्यायचा येते, यमुताईचा येते, आणि तुमचाही येते. खोटं काहून लिहू? माझ्या कार्डावर ह्यायनं एक ओळ लिहिली आणि तुम्ही ती ओळ मानली. माझ्या ओळी वर होत्या.

पुढच्या नवमीले तुमच्या ताईचं श्राद्ध आहे. अविधवा नवमी. सवाशीण जेवायले येईन, भटजी येतीन, ह्यायच्या कचेरीतले दोघं सपत्नीक येतीन. त्या दिवशी मी सकाळपासून खाली आहे, वाढायले. दार सताड उघडं असते. मेलेल्या सवाशिणीच्या माहेरचा माणूस त्या दिवशी दारात आला तर त्याले कोणी परत पाठवत नाई, पाठवूच शकत नाई. त्या दिवशी या. पान मांडू देजा, जेवा. हात धुवून झाले की सगळ्यायच्या समोर, ओसरीत उभं राहून म्हणा, मी सुभद्रेले न्यायले आलो. हे म्हणतीन तब्येत बरी नाई. तर पंगतीले विचारा, आत्ता तुमाले पुरणपोळी कोणं वाढली? ते चारचौघांत हट्ट करत नाई. त्यायले लोकांसमोर चांगलं दिसायचं असते, तेवढं एकच मले कामाचं आहे.

सुभद्रा कोणती, हे कोणी विचारणार नाई. नाव ह्यायनंच ठेवलं आहे.

आलेच नाई, तर पंगत उठन, भांडे होतीन, आणि यमुताई मले वर घेऊन जातीन. तुमाले भीती घालायले नाई लिहून राहिली. जसं आहे तसं लिहिलं. पुढच्या भाऊबीजेले तुम्ही येसान तेव्हा पाट मीच मांडीन का दुसरी कोणी, ते मले सांगता येत नाई. तिचंही नाव सुभद्राच असन.

खुर्चीवाली पुरी होत आली. हाताशी अडली होती, असं मी लिहिलं होतं. तिचा उजवा हात ठिपक्यांनी नेमका त्या झिजलेल्या जागेवर आला. मी तिथं रंग नाई लावला. कोरं लाकूड तसंच ठेवलं, बाकी सगळं भोवतानं रंगवलं. आता ती मांडीवर तुमच्या ताईचा हात ठेवून बसली आहे. ओठ तेवढे राहिले. ते दोन फळ्यांच्या बरोबर मधात येतात आणि दार लागलं की फटीत जातात. किती वेळा काढून पाहिले. दार उघडं असल्याबिगर काढता येत नाई, आणि उघडं असते तेव्हा यमुताई ताट घेऊन उभ्या असतात.

येताना निळा रंग आणू नका. काही आणू नका. मोकळ्या हातानं या, बोचकं तुमाले उचलायचं आहे.

तुमची बहीण,
गोपिका

हे माझ्या आईनं ठेवलेलं नाव. तुमाले आज पहिल्यांदा सांगितलं. गाडीत बसल्यावर ह्याच नावानं हाक मारजा. ओसरीत मात्र सुभद्राच म्हणा.